दाजींची मिशी आणि नाकावरचं मुसकं

माझे दाजी, म्हणजे आमच्या साळुआक्काचे यजमान सयाजी, यांना आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या. एक मिशी वाढवणं आणि दुसरी झोपणं. पुढे डॉक्टरांनी सांगितलं की त्यातली दुसरीही त्यांना नीट जमत नव्हती.

लेण्याद्रीच्या डोंगरासमोर त्यांचं गाव. बापाने, सोमाजीआबांनी, राबून राखलेली काळीभोर जमीन. ती दाजींनी वाट्याने लावून दिली आणि आपण गाडामालक झाले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रेला घाटात, म्हणजे चढावरच्या शर्यतीच्या पट्टीवर, बैलगाडे पळतात. ज्याचे बैल पळतात तो स्वतः कधी पळत नाही. तो फेटा बांधून, गुलाल लावून मांडवात खुर्चीवर बसतो आणि बैल पहिले आले की मिशीवरून हात फिरवतो. यालाच गाडामालक म्हणतात.

दाजींच्या बैलांना दूध, अंडी, उडदाची डाळ. गोठ्यात पंखा, आणि लाईट गेली तरी तो बंद पडू नये म्हणून इन्व्हर्टर. त्याच गोठ्याच्या कोपऱ्यात एका बाजेवर सोमाजीआबा झोपायचे. नव्वदीला टेकलेला म्हातारा गोठ्यात का, असं मी एकदा विचारलं, तर दाजी म्हणाले, "म्हाताऱ्याला गुरांची सवय हाय, पावणं." आबांना विचारलं तर ते म्हणाले, "बैलांजवळ झोप लागती. ह्याच्याजवळ न्हाई लागत."

ते खरं होतं. दाजींचं घोरणं म्हणजे जुनं डिझेल इंजिन. पण घोरण्याने माझ्या बहिणीची झोप जात नव्हती. घोरणं मध्येच बंद पडायचं, त्याने जात होती. एकदम सगळं चिडीचूप. श्वासच नाही. मग आक्का उठून बसायची, त्यांना हलवायची, तेव्हा कुठे घशात काहीतरी फुटल्यासारखा आवाज होऊन इंजिन परत चालू व्हायचं. वर्षानुवर्षं तिने ही राखण केली. दिवसा ती चुलीपुढे पेंगायची आणि दाजी चारचौघांत हसून सांगायचे, "आमच्या कारभारणीला झोप लई."

मला या माणसाचा राग येतो तो काही उगीच नाही.

दोन हजार चारच्या यात्रेत त्यांची पहिली शोभा झाली. बारी लागली, बैल जुंपले, निवेदक लाऊडस्पीकरवरून ओरडतोय, "सयाजीराव, आपली बारी आली, घाटात या!" आणि सयाजीराव मांडवात, माइकपासून हातभर अंतरावर, तोंड उघडं टाकून झोपलेले. निवेदक श्वास घ्यायला थांबला की त्यांचं घोरणं भोंग्यातून सगळ्या यात्रेला ऐकू जायचं. माणसं पोट धरून हसली. गाडा धन्याशिवायच पळाला आणि पहिला आला. दाजी म्हणाले, "झोपलो कुठं? डोळं मिटून देवाला नवस बोलत व्हतो."

दुसऱ्यांदा मात्र हसण्यासारखं नव्हतं. आक्का आणि तिची नात ऋतिका यांना जीपमध्ये घेऊन दाजी ओतूरहून येत होते. भर दुपार, सरळ रस्ता. जीप रस्ता सोडून कांद्याच्या वावरात शिरली. नशीब थोर, बांधाला अडली. दाजी खाली उतरून म्हणाले, "स्टेअरिंग जाम झालं." पोरगी रडत म्हणाली, "आजोबा झोपले व्हते."

आक्का खाली उतरली. नातीचा हात धरला आणि घरापर्यंत चालत आली. संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं, "तुमी मरायचं तर मरा, पर पोरीला घिऊन मरायचं न्हाई. दवाखान्यात चला, न्हाईतर मी भावाकडं जाती." भाऊ म्हणजे मी. जुन्नरला माझं कापडाचं दुकान आहे. असं हे लोढणं माझ्या गळ्यात आलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी त्यांना एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं. सकाळी ते म्हणाले, झोपेत यांचा घसा मिटतो आणि श्वास बंद पडतो, तासाला कितीतरी वेळा. हृदय दमत चाललंय. एक दिवस श्वास बंद पडेल तो परत चालू होणार नाही, नाहीतर चालत्या गाडीत डोळा लागेल. उपाय म्हणजे एक मशीन. छोटी पेटी, तिला नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसवायचा मास्क, डोक्यामागे पट्टे. मशीन हवा ढकलतं आणि घसा उघडा ठेवतं. डॉक्टरांनी हेही बजावलं की एकदम घालून झोपू नका, जीव घाबरेल. आधी दिवसा, जागेपणी, टीव्ही बघत नुसता नाकाला लावून बसा. मग हवा चालू करून बसा. मग दुपारची डुलकी. सवय होऊ द्या.

दाजी खुर्चीत रेलून म्हणाले, "डॉक्टरसायेब, आमाला सवयी लागत न्हाईत. आमी सवयी लावतो. नवा बैल गाड्याला कोण लावतं? आमीच!"

आता खरं तर नवा खोंडसुद्धा कोणी पहिल्या दिवशी गाड्याला जुंपत नाही. पण हे त्यांना कोण सांगणार?

पहिल्याच रात्री शहाणपण करून मास्क घातला आणि आडवे झाले. थोड्या वेळात लाईट गेली. त्या वर्षी लोडशेडिंगने सगळा तालुका अंधारात होता. हवा बंद, नाकावर नुसतं रबर. दाजी गुदमरून उठले, मास्क ओरबाडून भिंतीवर फेकला. मी दुसऱ्या दिवशी गोठ्यातला इन्व्हर्टर काढून घरात आणून जोडला, तर म्हणाले, "माझ्या बैलांना उकडंल." बैलांना!

पण खरी अडचण निघाली ती मिशी. ती इतकी दाट की मास्क वरच्या ओठाला टेकायचाच नाही. हवा कडेने शिट्टी वाजवत डोळ्यांत जायची. मशीन विकणारा माणूस गावी आला, दुसऱ्या मापाचे मास्क लावून पाहिले, पट्टे आवळले. गालांवर वळ उठले, पण शिट्टी काही थांबली नाही. ऋतिका म्हणाली, "मळणीच्या बैलाला घालत्यात तसलं मुसकं हाय." झालं. गाडामालकाला मुसकं! दाजींनी ते सगळं कपाटात टाकून कुलूप लावलं. जाताना तो माणूस एवढंच म्हणाला, "मिशी काढली तर बसेल."

तेव्हा दाजींनी असा काही चेहरा केला की जणू त्यांच्याकडे मुंडकं मागितलं. "बाप जिता असताना मिशी काढू? आमच्यात बाप मेल्यावरच काढत्यात. माझ्या बापाचं मरण मी माझ्या हातानं चितू?"

बघा, बापाचं प्रेम कुठून उफाळून आलं ते! ज्या बापाला बैलांशेजारी निजवलं, ज्याच्या पोटात सकाळचा चहा गेला का याची कधी चौकशी केली नाही, तो बाप एकदम मिशीला टांगला. गावातल्या चार जाणत्यांनीही माना हलवल्या. रीत ती रीत. आक्का परत रात्रभर उशाशी बसायला लागली. तिचा चेहरा पाहिला की माझ्या दुकानातलं पांढरं कापड दाजींच्या अंगावर दिसायचं आणि मला स्वतःचीच भीती वाटायची.

आबा हे सगळं गोठ्यातून ऐकत होते. त्यांची दाढी करायला हौशीराम ठरावीक दिवशी घरी यायचा. त्या दिवशी मी तिथेच होतो. हौशीरामने वाटीत पाणी घेतलं, तसे आबा काठी टेकत ओट्यावर आले आणि म्हणाले, "आज माझी ऱ्हाऊ दे. ह्याची मिशी उतरव."

दाजी ताडकन उठले. "आबा, लोक काय म्हणतील? बाप मेला म्हणतील!"

"म्हणू दे. इतकी वर्सं गोठ्यात हाय, मेलो का जितो ते कुणी इचारलं?" म्हाताऱ्याचा आवाज चढला नव्हता. "सयाजी, मला अग्नी तू द्यायचा हाय. तुला मी न्हाई. बस खाली."

दाजी बसले. मी त्यांना कधी कोणाचं ऐकताना पाहिलं नव्हतं. हौशीरामने वस्तरा चालवला आणि मिशी उतरली. खाली जो ओठ निघाला तो इतका साधा आणि गोरटा होता की मला हसू आवरेना. एवढ्याशा ओठासाठी इतका थाट! तरी कपाटाचं कुलूप काही दाजींनी उघडलं नाही.

त्या रविवारी दाजी पांढरी टोपी घालून, उपरणं तोंडाला गुंडाळून जुन्नरच्या बाजाराला आले. चहा प्यायला उपरणं खाली घेतलं आणि तेवढ्यात कोणीतरी बिनमिशीचा ओठ पाहिला. बाप गेल्यावर डोकंही करतात, पण टोपीखाली केस आहेत का हे कोण बघतंय? संध्याकाळी गेणभाऊ नावाचं ओळखीचं गिऱ्हाईक माझ्या दुकानात आलं. टॉवेल-टोपी मागितली. मी बांधून दिली आणि मग विचारलं, कोणासाठी?

"दुखवट्याला न्यायची," गेणभाऊ म्हणाले. "सोमाजीआबा गेले न्हवं! तुमाला ठाव न्हाई?"

फोन लावला तर लागेना. सकाळी उठून गेलो, तर माझ्या पुढे एक भरलेली जीप. घाटघरहून आबांची धाकटी बहीण कोंडाबाई आली होती, लेकी-सुनांसकट. बायकांनी वेशीपासून हंबरडा फोडला. कोंडाबाई ऊर बडवत, "माझा दादा गं!" करत ओट्यापर्यंत आली. तिथे तिचा दादा दुधात भाकरी कुस्करून खात बसला होता.

तिने त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. मग तिने पुढे होऊन भावाच्या खांद्यावर धपाटा घातला. "जिता हाईस तर कळवायचं न्हाई व्हय, मेल्या!"

आबा खुशीत आले होते. "बस. कोण कोण रडतं ते तरी कळलं. साळू, समद्यांना च्या ठेव." तोवर आणखी माणसं येत होती, कोणी टोपी घेऊन, कोणी साडी घेऊन. सगळ्यांची नजर बापावरून लेकाच्या ओठावर जात होती. दाजी दारामागे लपले होते. बाप जिवंत आणि मिशी नाही, याचं उत्तर कोणालातरी द्यावंच लागणार होतं.

"त्ये यंत्र घिऊन ये," आबा म्हणाले. "आन् घालून दाखव समद्यांना."

आक्काने कपाट उघडलं, वायर ओढून ओट्यावर आणली. दाजी भिंतीला टेकून बसले आणि भरल्या ओट्यावर, दिवसाउजेडी, त्यांनी ते मुसकं नाकावर चढवलं. डॉक्टरांनी सांगितलेलं पहिलं काम इतक्या महिन्यांनी असं झालं. त्यासाठी जिवंत बापाच्या मयतीला पाहुणे गोळा व्हावे लागले. मी मशीन चालू केलं. शिट्टी वाजली नाही. मास्क ओठाला घट्ट बसला होता. दाजींचे डोळे आधी भेदरले. आबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने भाकरी खात राहिले. कोंडाबाई विचारत होती, हवा गार लागती का, बोलता येतं का. दाजी मानेने हो-नाही करत होते. मग मान हलायची थांबली.

ते झोपले होते. घोरणं नाही, थांबणं नाही. छाती सावकाश वर-खाली होत होती. माणसं आपोआप हळू आवाजात बोलायला लागली. मी आक्काला चहाचं विचारायला आत वळलो, तर ती दाराच्या चौकटीला डोकं टेकून, हातात रिकामी बशी घेऊन गाढ झोपलेली. तिला कोणी उठवलं नाही. चहा कोंडाबाईनेच केला.

दाजींना सवय झाली. त्याचं श्रेय अर्थात त्यांनीच घेतलं. मिशी काढून टाकायची कल्पना आपली होती असंही ते यात्रेत सांगू लागले. आबांची बाज मात्र घरात आली. आणायला मी गेलो होतो, ते नव्हे. आबा म्हणाले, "आता इथं झोप लागती."

दोन वर्षांनी आबा खरेच गेले, झोपेत, काही त्रास न होता. त्या दिवशी निम्मी माणसं खात्री करून मगच निघाली. नदीकाठी हौशीराम वस्तरा घेऊन दाजींसमोर बसला. डोकं केलं. मग सवयीने त्याचा हात ओठाकडे गेला आणि थांबला. तिथे काढायला काहीच नव्हतं.

दाजींनी ओठावरून बोट फिरवलं. "ती म्हाताऱ्यानं जितेपणीच नेली," ते म्हणाले आणि उठून अग्नी द्यायला गेले.

त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल वाईट काही सुचलं नाही. दुसऱ्या दिवसापासून परत सुचायला लागलं.