तळहातावरचे आसव

श्रीगजाननाला वंदन करून लिहावयास बसलो आहे. आज संकष्टी, उपवास आहे. या मुखात अन्न जाण्यापूर्वी त्यातून एक सत्य बाहेर पडावे, एवढाच संकल्प. हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीला नाही, आणि ज्याची आयुष्यभर पूजा केली त्या देवापुढेही कधी उच्चारलेले नाही. आपणांस मित्र मानून सांगतो.

काशीदजवळच्या आमच्या गावी गणपतीचे देऊळ आहे. पूजा माझ्याकडे, नैवेद्य कमळाकाकूंकडे असे. काकू ऐन तारुण्यात विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. सोवळ्याने देवाचे मोदक वळणे — एवढेच त्यांचे जग. एवढेच होते, हे कृपया ध्यानी असू द्या.

काही वर्षांपूर्वी गावातल्या ज्येष्ठांची सहल निघाली. त्र्यंबकेश्वराचे दर्शन, मग नाशिकचे द्राक्षमळे, आणि परत. मळा दाखवावयास एक विनयशील मुलगी होती. तिने वेल दाखवले, लाकडी पिंपे दाखवली, आणि शेवटी एका दालनात नेऊन काचेच्या पेल्यांत घोटघोट लाल रस ओतला. ही वाइन आहे, असे ती स्पष्ट म्हणाली. मी पुढे होतो, मी ऐकले. काकू गुडघ्यांमुळे मागे राहिल्या होत्या. त्या सावकाश येऊन माझ्याशेजारी उभ्या राहिल्या.

"काय हो गुरुजी हे? आपल्याला चालतं?"

येथे लेखणी अडते. पण आता लपवू तरी कोणापासून? — मला ती चाखावयाची होती. इतर मंडळी आपापल्या पेल्यांत दंग होती; पण शेजारी काकू! त्यांच्या देखत पेला उचलावा कसा? आणि तेवढ्यात मला शब्द सुचला.

"द्राक्षासव आहे काकू. औषधच. वैद्य नाही का देत?"

असे म्हणून मी खांबाआड वळलो आणि पेला रिकामा केला. काकूंखेरीज कोणी पाहिले नाही.

आसव म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हते? औषध हा त्याचा एक अर्थ, आणि मद्य हा दुसरा — दोन्ही मी संस्कृत शिकवताना विद्यार्थ्यांकडून घोकून घेतले आहेत! काकूंना मी एकच सांगितला.

परक्या पेल्याला काकू ओठ लावणाऱ्या नव्हत्या. त्यांनी उजवा तळहात पुढे केला — तीर्थासाठी करतात, अगदी तसा. मुलगी गोंधळली, मग तिने त्यावर ओतले. काकूंनी प्राशन केले आणि सवयीने ओला हात मस्तकावरून फिरवला. सगळे हसले. मीही — होय, मीही हसलो.

"गुडघ्यांना बरं असलं तर आणखी दे गं बाय," म्हणून त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मग आणखी एकदा. मी थांबवले नाही.

परतीच्या बसमध्ये काकू मोठ्याने, ताल सोडून भजन म्हणू लागल्या. कसाऱ्याच्या घाटात त्यांना ओकारी झाली. नारळाच्या वाडीवाले बंडूनाना, जिभेचे सैल, टाळ्या पिटत ओरडले, "काकू, चढली हो तुम्हाला! आता बाप्पाला मोदकाबरोबर पेग पण का?"

दुसऱ्या दिवशी गावात दुसरा विषय नव्हता. पंचांनी काकूंना सभामंडपात बोलावले. दारू प्यायलेल्या हातचा नैवेद्य चालेल कसा, असा प्रश्न होता.

"गुरुजींनी आसव म्हणून सांगितलं. इथेच तर आहेत, विचारा ना," काकू म्हणाल्या. त्यांच्या स्वरात भीती मुळीच नव्हती — कारण मी तेथे होतो.

मी म्हणालो, "मी असे काही बोललो नाही. काकूंच्या ऐकण्यात चूक झाली असावी."

हे वाक्य माझेच? इतके शांत, इतक्या शुद्ध उच्चारांत? ज्या मुखाने सकाळी अथर्वशीर्ष म्हटले, त्याच मुखातून? ते ऐकून मीच हादरलो, आणि तो हादरा अद्याप ओसरलेला नाही. पूजा जाईल या भयाने मी असत्य बोललो, आणि असत्य बोलताना जीभ अडखळलीसुद्धा नाही.

मीही प्यायलो होतो, हे काकूंनी पाहिले होते. ते त्या बोलल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पदर सावरला, आणि देवाच्या स्वयंपाकघराची चावी कमरेची सोडून पंचांपुढे ठेवली.

नैवेद्य आता दुसऱ्या घरून येतो. काकू आरतीला येतात, मागे उभ्या राहतात. त्यानंतरच्या पहिल्याच चतुर्थीला त्या तीर्थासाठी पुढे आल्या. मी पळी उचलली. तळहात पुढे करून त्यांनी हळूच, केवळ मला ऐकू जाईल असे विचारले —

"तीर्थच ना हो हे, गुरुजी?"

तो टोमणा नव्हता. त्या खरोखरच विचारत होत्या.

'होय' म्हणावयास माझी जीभ उचलली नाही. मी नुसते ओतले. काकूंनी क्षणभर तळहाताकडे पाहिले, मग प्राशन केले, आणि हात मस्तकावरून फिरवला.

वाचकहो, आपले व आपल्या कुटुंबीयांचे कल्याण असो. आपल्या घरी विश्वासाने पुढे आलेल्या प्रत्येक तळहातावर, ज्याचे नाव सांगितले असेल तेच पडो.