हौदाला लागून बसलेल्या बाया

सेलूच्या भर बाजारात, कापसाच्या आडतींमागं, विरूपाक्षआप्पांचा आखाडा होता. मधे तांबड्या मातीचा हौद, एका अंगाला गाणाऱ्यांचा ओटा. निजामाच्या अमलात गावचे कुस्त्यांचे फड आणि भजनाचे जलसे तिथंच भरत. गुडघ्यानं अधू झाल्यावर आप्पांनी कुस्ती सोडली. पण हौदाची माती ताक-तेल घालून मळायची ती त्यांनीच. दुसऱ्याचा हात त्यांना चालत नसे.

बाया भजनाला येत, कुस्तीला नाही. रीतच होती तशी. बोरीची धुरपताबाई मात्र दर फडाला येऊन बाहेर कापसाच्या गाड्यांआड उभी राही. आत तिचा मुलगा चंद्रभान लढत असे. आरडाओरडा झाला की तिचा जीव खालीवर व्हायचा. आप्पांच्या नजरेतून हे सुटलं नव्हतं. एका साली चंद्रभानची शेवटची कुस्ती होती. बाप थकला, पुढं शेती त्यालाच बघायची होती.

जमाव भरवायला सरकारी इजाजत लागे; आप्पा ती मागायला पोलिसांच्या अमीनसाहेबांकडं गेले.

"जलसा की कुश्ती?"

"दोन्ही, सरकार. आधी भजन, लगेच कुस्त्या."

इजाजत मिळाली. भजनाला बाया जमल्या. त्यांची जाजमं आप्पांनी थेट हौदाला लागून अंथरली. धुरपताबाईला सगळ्यांत पुढं बसवलं. भजन संपलं आणि हलगी कडाडली. फडाचे पंच माणिकराव धावत आले.

"आप्पा, बायांना उठवा!"

"तुमीच उठवा की. तुमच्या घरची मंडळी बी हायेत त्यात."

माणिकरावांच्या पत्नीनं बसल्या जागी पदर सावरला. "मी न्हाई उठायची. पाय आखडलेत माझे."

पुरुषांत हशा पिकला. माणिकराव हौदाकडं वळले.

चंद्रभान उतरला. समोरच्या भारी गड्याला त्यानं दोनदा खाली आणलं. धुरपताबाईला राहवेना. "दाब रं, दाब!" ओळखीचा आवाज ऐकून त्यानं मान वळवली.

"मला काय बघायलास, त्याच्याकडं बघ!"

तोवर तो चितपट झाला होता.

"झालं समाधान?" माणिकराव आप्पांना म्हणाले.

आप्पांनी हौदाकडं बोट केलं. धुरपताबाई लेकाची पाठ झटकत होती, हसत होती, डोळे पुसत होती.

"पडला की वो आप्पा! पण काय लढला! बाहेरून मला वाटायचं, नुस्ता मारच खातोय."

पुढच्या फडाला आप्पांनी आधी भजन ठेवलंच नाही. बायांची जाजमं मात्र सकाळीच अंथरून ठेवली.