उजव्या दाराचे दोन पुठ्ठे

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षे झाली असतील. मोताळ्यात तेव्हा घरच्या मोटारी मोजक्याच. त्यांतली एक माझी, बुलढाण्याच्या एका वकिलांकडून घेतलेली जुनी गाडी. इंजीन चांगले होते, पण पुढच्या दोन्ही दारांचे आतले पुठ्ठे ओलीने फुगून सुटले होते.

माझ्या शेताच्या धुऱ्याला लागून ज्याचा भाजीचा मळा, तो शेजारी मुलीच्या पाठवणीसाठी गाडी मागायला आला. लग्नाला आठ दिवस होते. देतो म्हणालो, पण पुठ्ठे बदलून.

"काऊन? पोरीले गाडीत बसाचं हाय भाऊ, पुठ्ठ्यात नाही," तो हसला. "मी व्याह्याले सांगून बसलो, पोरगी मोटारीत येईन म्हून."

मी उजव्या दाराचे माप तीन वेळा घेतले, इंचाच्या सोळाव्या भागापर्यंत. दोन्ही दारे सारखीच, म्हणून हार्डबोर्डचे दोन तुकडे एकावर एक ठेवून कापले, भोके पाडली आणि दोन्हींच्या गुळगुळीत बाजूवर तांबडे रेक्झिन सरसाने चिकटवले. जुने पुठ्ठे बायकोने बंबात जाळले. मीच सांगितले होते, मापे वहीत आहेत.

लग्नाच्या सकाळी बसवायला घेतले. उजवा चपखल बसला. डाव्याची तिरपी कड भलतीकडे आली, काच खालीवर करायच्या दांड्याचे भोकही. पालथा केला तर तो जुळत होता, पण मग रेक्झिन आत जात होते. सोलायला गेलो, तर फाटले.

"दोनी जोडे उजव्या पायाचेच शिवले तुमी," बायको म्हणाली.

तेवढ्यात शेजारी आला. त्याने डाव्या दाराचा उघडा पत्रा पाहिला. "गोणपाट बांधू ना भाऊ, वरून चादर. कोन पाह्यते?"

"नवरीचा शालू अडकंन पत्र्यात. अशी गाडी मी देनार नाही."

शालू अडकला नसता. गोणपाटाने पत्रा पुरता झाकला असता. मला माझी चूक वरातीला दाखवायची नव्हती, एवढेच.

"बरं," म्हणून तो गेला.

संध्याकाळी त्याची मुलगी वऱ्हाडाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून वरवट बकालला गेली. चढताना तिने शालू गुडघ्यापर्यंत आवरून धरला होता. बाप व्याह्यांकडे न बघता तिची पेटी वर देत होता.

पुढच्या आठवड्यात मी डावा पुठ्ठा नवा केला. कुठे फट नाही.

तीन वर्षांनी त्याच्या धाकटीचे लग्न निघाले. तो पत्रिका द्यायला आला तेव्हा गाडी दारातच होती, धुतलेली. त्याने चहा घेतला, पाऊसपाण्याचे विचारले, गाडीचे नाव काढले नाही. घेऊन जा, हे दोन शब्द माझ्याही तोंडून निघाले नाहीत.

ती पाठवणीही ट्रकनेच झाली. मी सकाळीच गाडीची टाकी भरून आणली होती.