आठ हप्त्यांची गोष्ट

शिकागोच्या ज्या ग्रंथालयात मी काम करतो, तिथे एक मराठी काका महिन्यातून एकदाच दिसायचे. नेपरव्हिल या उपनगरातून त्यांना घेऊन येणारा त्यांचा मुलगा ‘कॉल आहे’ म्हणून गाडीतच थांबायचा. काका एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मासिकाचा बांधीव खंड मागवत. सुरुवातीची गव्हर्नरसाहेबांची स्तुती दोन बोटांनी उलटून टाकत, मग गोष्टीचा एकच हप्ता ओळीखाली बोट फिरवत वाचत आणि खंड मिटत.

“पुढचे हप्ते यातच आहेत की,” मी एकदा म्हणालो.

“तेव्हाचे वाचक महिनाभर थांबायचे. मला कसली घाई?”

सहाव्या हप्त्यानंतर म्हणाले, “परवा निघतोय. व्हिसा सहा महिन्यांचा, गोष्ट आठ हप्त्यांची.”

उरलेल्या पानांचे फोटो काढायला मी फोन उचलला. त्यांनी माझा हात हलकेच खाली केला.

“नको हो. गोष्ट अर्धी राहिलीय म्हटलं, तर मुलगा पुन्हा बोलावेल.”

शेवट मी वाचला होता. नायक साहेबाच्या कृपेने मामलेदार होतो आणि सगळं गाव सरकारचे आभार मानतं. त्यासाठी कुणी विमानाचं तिकीट काढू नये.

“काका,” मी म्हणालो, “शेवट मात्र चुकवू नका.”