आण्याच्या पठारावर क्रोमियमच्या शोधात

मंचरला कांद्याच्या ट्रकांमागे आमची एसटी अर्धा तास अडकली, तरी माझा उत्साह तसूभर कमी झाला नाही. वीस वर्षं मी पुण्याच्या प्रयोगशाळेत इतरांनी आणून दिलेली वीजकेंद्रांतल्या कोळशाची राख तपासतेय. आज पहिल्यांदाच राख जिथे पडते तिथे स्वतः निघाले होते.

या राखेत क्रोमियम असतं. ते किती आहे एवढं विचारून भागत नाही, कुठल्या रूपात आहे ते पाहावं लागतं. एक रूप गरीब गाय, जागचं हलत नाही. दुसरं विषारी, पाण्यात विरघळून विहीर गाठणारं. माझ्या पेटीतलं औषध घातलं की या दुसऱ्या रूपानं पाणी गुलाबी होतं.

आळेफाट्याहून जीपनं घाट चढून आण्याच्या पठारावर आले. पिवळं गवत, भन्नाट वारा आणि मेंढरांच्या वाघरीजवळ (जाळीच्या कुंपणाजवळ) माझी वाट पाहणाऱ्या हौसामावशी. पाणी तपासायला त्यांनीच बोलावलं होतं. त्यांच्या विहिरीच्या वरच्या अंगाला रस्त्याच्या भरावासाठी आणलेल्या राखेचा उरलासुरला ढीग पडला होता. त्यांच्या दोन मेंढ्या नुकत्याच गाभडल्या होत्या, पोटातली पिलं गेली होती.

"चाळीस मेंढरं अन् आमी पाच माणसं ह्याच पाण्याव हाय, ताई. वंगाळ असंल तर सांगून टाका. घर मोडून खाली जाऊ."

पेटी ओट्यावर उघडी ठेवून मी ढिगाचे नमुने घेऊन आले. मावशींनी आधी जेवायलाच बसवलं. आमटी इतकी झणझणीत की नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तरी मी दोन भाकरी चापल्या.

मग विहिरीचं पाणी पहिल्या बाटलीत भरलं, थेंब टाकले. पाणी गुलाबी झालं. गुलाबी म्हणजे वंगाळ हे मावशींना आधीच सांगितलं होतं; रंग बघून त्यांनी पोहरा बाजूला सारला.

दुसरी बाटली भरली. रंग नाही. तिसरी, चौथी, तीही स्वच्छ. पोहरा तोच, पाणी तेच.

"मावशी, या पहिल्या बाटलीला कुणी हात लावला होता?"

"लई धूळ बसली व्हती तिच्याव. पावण्यांची वस्तू म्हणून राखंनं घासून ठिवली."

"चुलीच्या?"

"नाय, त्या ढिगातल्या. लई बारीक हाय. भांडी आरशावानी निघत्यात."

मी चिमूटभर राख स्वच्छ पाण्यात कालवून, गाळून थेंब टाकले. गडद गुलाबी! मी अक्षरशः उडी मारली. विषारी रूप ढिगात होतं, विहिरीत अजून उतरलं नव्हतं.

"विहीर आज चांगली आहे, मावशी. पावसाआधी ढीग तेवढा हलवायला हवा. मेंढ्यांचं मात्र डॉक्टरांना विचारा."

मावशींनी पदरानं डोळे पुसले. मग आमचं दोघींचंही लक्ष एकदमच मांडणीकडे गेलं. तांबे, ताटल्या, नातवाची दुधाची वाटी, सगळं लख्ख चमकत होतं. मावशींनी एकेक भांडं उतरवलं आणि साबणाची वडी घेऊन धुवायला बसल्या. मीही पाणी ओतायला बसले.

परतीच्या एसटीत अहवाल लिहायला घेतला. राख माणसापर्यंत कशी पोचते, या रकान्यात आम्ही नेहमी दोनच वाटा लिहितो, हवा आणि पाणी. वीस वर्षांत भांडी कशानं घासता हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. त्या दोन वाटांखाली मी तिसरी लिहिली : जेवणाचं ताट.