प्रस्थानानंतरचे दिवस

माझे वडील एडनला निघून गेले आणि त्यानंतर आठवडाभर घरातच होते. हे वाचून कुणी म्हणेल, म्हातारीला चळ लागला. म्हणोत बापडे. आमच्या दिवेआगरात तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. मुंबईच्या एका पेढीची एडन बंदरात कचेरी होती, तिथे ते हिशेब लिहीत. दोन-तीन वर्षांनी एकदा रजा मिळे. स्वातंत्र्याला आठ-दहा वर्षं झाली असतील, त्या साली ते गणपतीनंतर आले ते कावीळ घेऊनच. रजा लांबत गेली आणि फाल्गुन लागला तरी ते घरी होते. शेवटी जोशीबुवांनी पंचांग पाहून शुद्ध द्वितीयेचा मुहूर्त काढून दिला. बोट मात्र त्यानंतरची होती. मुहूर्त आणि बोट यांचं जमलं नाही, की आमच्याकडे प्रस्थान ठेवत. निघणाऱ्याच्या उपरण्यात मूठभर तांदूळ आणि एक सुपारी बांधायची आणि ते गाठोडं मुहूर्तावर शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं उंबरठ्याबाहेर पडलं की माणूस निघाला. पुढे तो आपल्या सवडीने जाई आणि वाटेत गाठोडं उचलून घेई.

दादांचं गाठोडं गेलं आणि पाठोपाठ बोट लांबल्याची बातमी आली.

ते दिवस मला अजून धड जागेपणीचे वाटत नाहीत. दादा घरात होते आणि नव्हते. प्रस्थान ठेवलेल्या माणसाला कुणी काम सांगू नये, अडवू नये, अशी रीत. त्यामुळे बांधाच्या भांडणाचे कागद घेऊन येणारे चुलतकाका आले नाहीत, एडनहून घड्याळ आणा म्हणणारे आले नाहीत, नाडी बघून उपदेश करणारे तर अजिबात आले नाहीत. एरवी रजेवर आलेले दादा म्हणजे सगळ्या गावाची मिळकत. त्या आठवड्यात ते फक्त आमचे होते.

वाडीत सुरंगी फुलली होती. तिच्याखाली चटई टाकून दादा पडलेले असत. पोफळींमधून ऊन गाळून खाली येई, पाटातून पाणी हळूहळू सरके, रहाटाची कुरकुर मध्येच थांबे आणि मग समुद्र ऐकू येई. आई त्यांच्याशेजारी सुपारी सोलत बसे. माझी आई, जी भरदिवसा नवऱ्यासमोर उभीसुद्धा राहत नसे, ती चक्क शेजारी बसून बोलत होती. काय बोलत, मला ठाऊक नाही. मी तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपी जाई, जागी होई तेव्हा ऊन दुसऱ्या झाडावर गेलेलं असे आणि दोघांचं बोलणं तसंच चालू असे. एकदा तर डोळे किलकिले करून पाहिलं, तर दादा स्वतःच्या हाताने तिच्या अंबाड्यात सुरंगीचा वळेसर माळत होते. मी डोळे पुन्हा मिटून घेतले.

एका दुपारी पोस्टमन मात्र आलाच. पेढीचं रजिस्टर पत्र होतं, नव्या बोटीची तारीख कळवणारं.

"दादा, तुमी तर गेलाव ना?" तो हसत म्हणाला. "गेलेल्या मानसाची सही चालंल काय?"

"चालवून घे रे बाबा," दादा म्हणाले आणि चटईवर बसूनच त्यांनी पोचपावतीवर सही केली.

दोन दिवसांनी ते खरोखर गेले. पंक्तीतून उठावं तितक्या सहज उठले, शेजारून गाठोडं घेतलं आणि दिघीच्या वाटेला लागले. जाताना आईला एवढंच म्हणाले, "रिफंड आला की विहिरीवर इंजिन बसवू. मग मी कशाला जातोय पुन्हा?"

हा रिफंड म्हणजे दादांच्या पगारातून पेढीने मुंबईत कापून भरलेला आयकर. परदेशात कमावणारा माणूस त्या वर्षात अर्ध्या वर्षाहून कमी काळ देशात राहिला असेल, तर तो त्याला परत मिळायचा होता. दादांचं मुखत्यारपत्र घेऊन आई अलिबागच्या वकिलांकडे गेली. वकिलांनी विचारलं, "यजमान गेले कधी?" आई म्हणाली, "फाल्गुन शुद्ध द्वितीयेला." आमच्या घरात कुणीही हेच सांगितलं असतं. वकिलांनी इंग्रजी तारीख काढली, मोजलं, आणि अर्ध्या वर्षाला दोन दिवस कमी भरले तसे खूश होऊन अर्ज लिहिला.

मग आम्ही वाट पाहू लागलो. वर्ष गेलं, दुसरं गेलं. "अर्ज विचाराधीन आहे" असं एक पत्र आलं, ते आईने देवघरात ठेवलं, जणू तेही एक दैवतच. मी विहिरीच्या काठावर बसून इंजिन कुठे बसेल ते ठरवत असे. खरं तर इंजिन गेलं उडत, मला दादा हवे होते.

तिसऱ्या वर्षी आयकर कचेरीचं बोलावणं आलं. आई मला घेऊन निघाली. दिघीहून तरीने खाडी ओलांडून आगरदांड्याला, पुढे यष्टी, पुन्हा एक खाडी, असं करत आम्ही अलिबागला पोचलो. साहेब घाटावरचे, मवाळ बोलणारे होते. त्यांनी एक कागद आईपुढे सरकवला. पेढीने कामसूपणा करून आपल्याकडचे सगळे कागद अर्जाला जोडले होते आणि त्यात दादांच्या सहीची, तारीख घातलेली ती पोचपावती होती.

"बाई, तुमच्या अर्जाप्रमाणे यजमान त्याआधीच गेले होते. मग ही सही? पासपोर्टाची नक्कल मागवली, तर त्यावरचा शिक्का भिजून गेलेला. बोट कंपनी बंद पडली. आता तुम्हीच सांगायचं. ही सही यजमानांची, की घरातल्या दुसऱ्या कुणाची?"

वकील आईच्या कानाशी वाकले. "दिरांनी केली म्हणा. मिटलं."

आईने कागद हातात घेतला. बराच वेळ ती त्या सहीकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल. म्हण ना गं, मी मनात देवाला नारळ कबूल करत होते.

"यांचीच आहे," आई म्हणाली. "प्रस्थान ठेवलं होतं, पण हे घरीच होते. माझ्याशेजारी बसून सही केली."

साहेबांनी चष्मा काढला. "बाई, मग पैसे मिळायचे नाहीत."

"कळलं मला," आई म्हणाली आणि कागद परत दिला.

परतताना तरीवर मी तिच्याशी बोलत नव्हते. खाडीच्या मध्यावर मात्र राहवलं नाही. "एक शब्द बोलली असतीस तर दादा घरी आले असते!"

"मला नाही का कळत?" तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज करडा होता. "अगं, लग्नाला बारा वर्षं झाली. त्यात हा एक आठवडा मला मिळाला. होता तो नव्हता म्हणू? तेही सरकारात लिहून देऊ?"

मला तेव्हा पटलं होतं असं नाही.

आईने दादांना सगळं कळवलं. उत्तर आलं त्यात रिफंडाचं नावसुद्धा नव्हतं. सुरंगी यंदा कशी फुलली, एवढंच विचारलं होतं. इंजिन आलं नाही आणि दादा आणखी सात वर्षं एडनलाच राहिले. त्या सात वर्षांचा राग मी आईवर धरला होता, आणि तो गेला कधी ते मात्र मला नेमकं सांगता येतं.

पुढच्या रजेला दादा आले. गावातले लोक कागद, उपदेश आणि मागण्या घेऊन ओटीवर जमू लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी दादांनी जोशीबुवांना बोलावलं आणि म्हणाले, "प्रस्थान ठेवायचंय."

"अहो, बोट कधीची?"

"अजून तीन महिने आहेत."

बुवा कपाळाला हात लावून म्हणाले, "इतकं आधी? शास्त्रात बसत नाही हो."

"मग शास्त्राला जरा सरकून बसायला सांगा," दादा म्हणाले.

आईने आतून उपरणं आणलं, तांदूळ आणि सुपारी बांधली, आणि गाठोडं माझ्या हातात देऊन म्हणाली, "जा, शेजारी ठेवून ये. विचारलं तर सांग, हे गेले."

मी धावत सुटले.