क्लचमधली हवा आणि मागावरचे पाय

बारसं दुसऱ्या दिवशी दुपारी होतं आणि माझी गाडी अंगणात हातपाय गाळून बसली होती.

तुमसरजवळच्या गावी मावशीला पहिली नात झाली होती. मावशी आईची एकुलती एक मोठी बहीण. आईचा उजवा गुडघा धरल्यापासून तिला एसटीची पायरी चढवत नाही, त्यामुळे दोघी बहिणींची भेट फोनवरच. मावशीनं बजावून ठेवलं होतं, "तू आल्याबिगर मी लेकराचं नाव ठेवू देत नाई." आईनं साडी इस्त्री करून खुंटीला लावली होती आणि घडीघडी मला विचारत होती, "उद्या जमते ना वं पोरी?"

जमते म्हणायला माझी जीभ रेटत नव्हती. आमचा मेकॅनिक वरठीला मेहुण्याच्या लग्नात नाचत होता आणि लग्नसराईत भाड्याची गाडी मिळायचं नाव नव्हतं. मी जवाहरनगरला फॅक्टरीत मशीनवर आहे, पान्याला घाबरत नाही. क्लचचं गळकं सिलिंडर मी स्वतःच बदललं. सिलिंडर बसलं झकास, पण पाइपात हवा शिरली. क्लचवर पाय ठेवला की तो पोकळ खाली जायचा, गिअर काही केल्या पडेना.

ही हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून क्लच दाबायचा आणि दाबून धरायचा. दुसऱ्यानं बॉनेटखाली वाकून एक छोटा नट सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवा बाहेर येते. नट पुन्हा आवळला की मगच क्लच सोडायचा. आधी सोडला तर गेलेली हवा परत आत. मी नटाला सलाईनची नळी लावली, तिचं दुसरं टोक पाण्याच्या रिकाम्या बाटलीत सोडलं आणि सीटवर बाबांना बसवलं.

बाबांचं आयुष्य हातमागावर गेलं. माग बंद झाला तरी बसणं तसंच, पाठ ताठ, नजर समोर. मी ओरडायची, "दाबा!" ते ओरडायचे, "दाबलं!" मी नट सैल करायची, नळीत बुडबुडे यायचे, मी खूश. पण क्लच पुन्हा तसाच पोकळ. बुडबुडे संपायचं नाव घेईनात. बाटलीत तेल साचत चाललं आणि वरून ओतायचं माझ्याकडच्या डब्यातलं नवं तेल संपत आलं. ते संपलं असतं तर बारसंही गेलं असतं, कारण आमच्या बाजूचं स्पेअर पार्टचं दुकान परवापर्यंत बंद होतं.

"बाबा, मधेच सोडता का तुम्ही?"

"मी कायले सोडीन? दाबूनच आहो!"

"मग हवा काय आभाळातून येते?"

माझा पारा चढला होता. तेवढ्यात ओसरीवरून आईचा आवाज आला. ऊन कलल्यामुळे गाडीच्या मागची भिंत सावलीत होती आणि आई तिकडेच पाहत होती.

"मांगचा लाल दिवा काहून लागून राहिला? लागते, इझते, लागते, इझते."

मी वाकून भिंतीकडे पाहिलं. खरंच की. लाल दिवा तर ब्रेकचा! डावा पाय क्लचवर असताना बाबांचा उजवा पाय ब्रेक दाबत होता, आणि उजवा खाली गेला की डावा आपोआप वर. मागाखालच्या दोन पावड्या अशाच चालतात. एक दाबली की दुसरी सोडायची, तेव्हाच कापड पुढे सरकतं.

"अजी, मागावर बसले का तुमी?" आई पदर तोंडाला लावून हसत सुटली.

बाबांनी उजवा पाय मांडीखाली दुमडून पाहिला. तरी डावा ठरल्या वेळी वर यायचाच. "हा मायं आयकत नाई," ते त्या पायाकडे बघत म्हणाले.

आई भिंतीचा आधार घेत अंगणात उतरली. "उठा. डावा गुडघा चांगला आहे माया."

ती आयुष्यात पहिल्यांदा त्या सीटवर बसली. साडी सावरताना हॉर्न वाजला, शेजारचा कुत्रा पळाला. मग तिनं क्लच असा दाबला की जणू उद्याचं बारसं त्याच्याखाली निसटून चाललं होतं. "दाबलं! धरलं! खोल आता! झालं का? बंद कर!" हुकूम माझ्याऐवजी तीच सोडू लागली. मी दोनदा "सोड" म्हटल्याशिवाय पाय उचलायची नाही. डब्याच्या तळाला तेल उरलं असताना नळीतून सलग, स्वच्छ धार आली.

"आता कडक लागून राहिलं वं," आई म्हणाली.

मी इंजिन चालू करून गिअर टाकला. गाडी गुमान हातभर पुढे सरकली आणि मी आईच्या गळ्यातच पडले.

दुसऱ्या दिवशी मावशीच्या दारात दोघी बहिणी एकमेकींना बिलगून रडल्या, हसल्या. घरात पाहुणे दाटले होते. मावशीच्या दिरानं विचारलं, "गाडी बिघडली होती म्हणे, कोणं सुधरवली?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा आईकडे बोट करून बोलले. "हिनं. मले नाई जमलं, हिनं केली."

आमच्या घरात विणलेल्या साड्यांचं सूत कांड्यांवर आईनं भरलं, तुटलेलं सूत आईनं जोडलं, पण बाजारात साडी कायम बाबांचीच म्हणून ओळखली जायची. आईनं कधी तक्रार केली नाही. बाबांच्या तोंडून चार माणसांत तिचं काम मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि मला रडूच आलं.

पाळण्याची दोरी आईच्या हातात होती, ती जरा जोरातच ओढली गेली.

"हळू वं," मावशी म्हणाली, "लेकरू जागं होईल."